पाय दगडाला लागला तेव्हा

बर्फावर जड दगड सरकवायचा आणि त्याच्या पुढची वाट ब्रशने घासायची, अशा कर्लिंग खेळाच्या विभागीय महिला स्पर्धेची अंतिम फेरी नुकतीच संपली होती. रिंकच्या कँटीनमध्ये लव्हॉन बीटाचं सूप वाढत होती. समोर दोघी बहिणी उभ्या होत्या, जिंकलेल्या संघाची डार्का आणि हरलेल्या संघाची थोरली ओरिस्या.

"ताई, सूप माझ्याकडून. जिंकणाऱ्याने हरलेल्याला पाजायचं."

"मग दोन वाडगे घे. हरून फार भूक लागते."

"शेवटच्या दगडाला तुझा ब्रश लागलेला कुणाच्या बापाला कळला नसता. तूच सांगत सुटलीस, म्हणून दगड बाद झाला."

"आपल्याच बापाने शिकवलंय. ज्याचा धक्का लागला, त्याने सांगायचं."

"बाबा तर बाहेर गाडी गरम करत बसले होते."

"तुझा खेळ त्यांना बघवत नाही."

"लहानपणीही अशीच होतीस. साखर चोरायचीस आणि स्वतःच आईला जाऊन सांगायचीस."

"आणि ती खायचीस तू. बाई, हिला साय जरा जास्त घाला, चषक उचलून दमली आहे."

"खरं सांग, गप्प बसावंसं नाही वाटलं?"

"वाटलं की. पाचव्या डावात तुझा पाय दगडाला लागला, तेव्हा बोलावंसंही वाटलं होतं."

लव्हॉनची पळी पातेल्यावरच थांबली.

"तू बघितलंस?"

"समोरच तर होते."

"मग बोलली का नाहीस?"

"पाय तुझा होता. घे, सूप निवतंय."

"तूच धर जरा. बाई, पंच कुठे बसतात?"

"त्या दाराशी," लव्हॉन म्हणाली. "पण लवकर जा, कोट चढवतायत."