वहिनींनी नापास केलेला दिवा

मंडळी, सदाभाऊ, मनीषा बेटा,

ओटा भरला, लोक गल्लीतही उभे आहेत. मालतीवहिनींना माणसं फार लागायची, म्हणून बरं वाटतंय. पण मला बोलायला उभं केलंत, हे काही बरं नाही केलं. सदाभाऊ माझा मिलमधला जोडीदार, त्याची बायको ती माझी वहिनी. इतकी वर्षं मला चहा देणाऱ्या बाईबद्दल "होत्या" कसं म्हणू?

त्यांनी घेतलेल्या परीक्षेचंच सांगतो.

मिल बंद पडली आणि आम्ही दोघं घरी बसलो. सगळी जवानी लूमखात्यात गेलेली. बाजारात रोज नवी मशीन येत होती, रिमोट, टायमर, बटणंच बटणं, आणि आमच्या हाताला काम नव्हतं. म्हटलं, आपणही काही बनवू. आपल्या इंदूरात नळाला नर्मदेचं पाणी आलं की काय होतं? मोटर लावायची, गप्पांत विसरायची, मग गच्चीवरून धबधबा! म्हणून आम्ही एक डबी बनवली. स्वयंपाकघरात लावायची. टाकी भरली की डबीवर लाल दिवा. एकदम झकास!

पहिली डबी वहिनींकडे. त्यांची अट एकच. "भिया, मला काही समजावायचं नाही. दोघं ओट्यावर बसा, तोंड बंद. मला विचारावं लागलं, मतलब मशीन नापास."

बसलो. मोटर चालू. आणि थोड्या वेळानं पाणी थेट शेजारच्यांच्या पापडांवर! आत धावलो. दिवा छान लागलेला. वहिनी मागच्या अंगणात धुणं वाळत घालत होत्या.

सदाभाऊ म्हणाला, "अगं, दिवा लागलाय ना!"

"मग? दिव्यासमोर बसून राहू का मी? बसायचंच, तर गच्चीवर जाऊन टाकीतच नाही का बघणार?"

घंटी लावायचं आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. का? अहो, लूमखात्यात, मागांच्या खडखडाटात घंटी कोणाला ऐकू येते? तिथे सगळं डोळ्यांनी. दिवा बघायचा, हात बघायचे, ओठ बघायचे. घरात शांतता असते, बाई पाठ फिरवून दहा कामं करते आणि कान उघडे ठेवते, हे आम्ही पार विसरलो होतो. मिल बंद झाली, पण आम्ही अजून खात्यातच उभे होतो. वहिनींनी आम्हाला हाताला धरून बाहेर काढलं.

घंटी लावली. पुन्हा परीक्षा, पुन्हा नापास! बंद करायचं बटण इवलंसं, आणि वहिनींचे हात कणकेत. म्हणाल्या, "कोपरानं दाबता आलं पाहिजे." बटण पुरीएवढं केलं. तेव्हा कुठे "पास" म्हणाल्या, आणि चहा मिळाला. त्या डबीवर आमचा छोटा कारखाना आणि दोन्ही घरं उभी राहिली. मग तर मोहल्ल्यात कोणी मिक्सर घेवो की वॉशिंग मशीन, आधी बोलावणं वहिनींना!

त्या दिवसांत सगळे आम्हाला धीर देत होते. होईल काही, होईल काही. वहिनींनी धीर नाही दिला, नापास केलं. मंडळी, नापास कोणाला करतात? ज्याला पुन्हा परीक्षेला बसवायचं असतं, त्याला. आम्हाला पुन्हा जमेल, हे आमच्याआधी त्यांना माहीत होतं.

सदाभाऊ, रड. मीही रडतोय. पण मग कारखान्यात ये. नवी डबी तयार आहे. वहिनी दवाखान्यात होत्या तेव्हा मनीषानं ती तपासली, नापास केली, आणि आईला जाऊन सांगितलं. वहिनी काय हसल्या!

आता दोन मिनिटं शांत उभे राहू. घड्याळ नको. पाहुण्यांना पाणी लागेल म्हणून मनीषानं मघाशीच मोटर लावली आहे, टाकी भरत आली असेल. वहिनींची घंटी वाजेपर्यंत उभे राहू. आणि वाजली की सदाभाऊ, तूच आत जा. कोपरानं बंद कर.