शेवटचं बाक

इस्लामपूरच्या स्टँडवर धोंडुबाई सांगलीच्या गाडीची वाट बघत बसली होती. शेजारी फिलोमिनाबाई आणि त्यांच्या गल्लीतली संयोगिता बोलत होत्या, आणि धोंडुबाईचे कान केव्हाच तिकडं लागले होते.

"जाऊबाई अजून बोलत न्हाईत, मावशी?"

"न्हाई. पाण्याच्या पाळीवरनं भांडलो ते भांडलोच."

"आन् चर्चला दोघी एकाच वक्ताला जाता?"

"जातो की. पर पवित्र भाकर घ्यायला उठत न्हाई. मनात राग ठिवून घ्यायची नसती."

"मग राग सोडायचा."

"त्याचीबी सोय हाय. भाकरीआधी फादर म्हनत्यात, एकमेकांना शांती द्या. मग म्होरची मागं वळती आन् हात जोडती."

"मग जोडा की!"

"म्होरचीला आधी वळावं लागतं गं! म्हनून मी तिच्या मागं बसले. त्याच्या म्होरल्या रविवारी ती माज्या मागं बसली. मग मी आनीक मागं."

"अगंबाई! आता वं?"

"आता शेवटचं बाक आलंय. त्याच्यामागं भिंत. दोघी शेजारीशेजारी बसल्यावर आधी कोन वळली, ते देवालाबी सांगता यायचं न्हाई."

धोंडुबाईला राहवलं नाही.

"आवं बाई, पर ती बसंल का तुमच्याशेजारी?"

"न बसून जाती कुठं? ह्यो येनारा झावळ्यांचा रविवार, ईस्टरच्या आधीचा सण, लय गर्दी. तिची जागा मी रुमाल टाकून धरनार हाय."