मी हात केला होता!

...नाही नाही, आधी बसू द्या, घोटभर पाणी द्या, मग काय बोलायचं ते बोला! उशीर झाला म्हणता? अहो झालाच! पण कुणामुळे? घरातून मी वेळेवर निघालो, थांब्यावर वेळेवर पोचलो, बससुद्धा वेळेवर आली... आता बोला! इटलीत दुसरीकडचं माहीत नाही, पण आमच्या लिगुरियाच्या किनाऱ्यावर बस वेळेवर आली तर लोक ड्रायव्हरला विचारतात, काय रे, घरी सगळं ठीक ना? तर अशी ती वेळेवर आली, आणि वेळेवर निघून गेली. माझ्या नाकासमोरून! आणि तुम्ही मलाच विचारताय, 'हात केला नव्हता का?' मी हात केला होता! हा असा, खांद्याच्या वर, पाचही बोटं दिसतील असा केला होता!

मग थांबली का नाही? अहो, म्हणूनच थांबली नाही!

तुम्हाला सांगतो, खांबावर पाटी आहे, 'बस थांबवण्यासाठी हात करावा.' लिहिणारा कोण? शहरातला कुणीतरी साहेब. त्याला काय ठाऊक, इथं हात केला की काय होतं? इथं हात केला की समोरचा हात करतो! न करून सांगतो कुणाला? आमच्या मिंगोचा बाप एकदा पोस्टमनला हात करायला विसरला, दोन्ही हातांत कलिंगड होतं हो बिचाऱ्याच्या! तर पोस्टमनने काय करावं? त्या घराची पत्रं बंद नाही केली, छे, कायद्याचा माणूस... फक्त शेजारच्या घरात टाकायला लागला. मरेपर्यंत! आणि मयतीला आला तो दोन्ही हात खिशात घालून उभा राहिला.

आणि तो मिंगो, त्या बापाचा मुलगा, तो चालवतो बस. आता घ्या! घरात एवढं रामायण झालेलं, तो कशाला कुणाचा हात वाया जाऊ देतोय? त्यातून मी कोण? एव्हारिस्तो! रोक्काल्तात जन्मभर लोकांचे केस कापले मी. या मिंगोचं जावळ म्हणा हवं तर, माझ्या कात्रीने काढलंय. मी हात केला की हा खिडकीतून अर्धा बाहेर, 'नमस्कार एव्हारिस्तोकाकाऽऽ!', वर लांबलचक हॉर्न, आणि सुसाट! परका कुणी जर्मन, डच, टाळूवर ऊन घेऊन उभा राहू दे, नुसती माशी वारू दे... बस कर्रकन उभी! म्हणजे अनोळखी असाल तर बसा, ओळखीचे असाल तर चाला. चालतोय!

पण आजचं काहीच नाही. खरी कथा तर त्या जूनमधल्या रविवारची. ऑन्दिनाच्या जेवणाची.

ऑन्दिना खाडीपलीकडे राहते, सान क्विरिनोला. बाजारात मासे विकायची, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. माझीही बायको गेलेली. माझ्या खिडकीतून तिच्या घराच्या हिरव्या झडपा दिसतात. दोरीवर आज चादरी की उशांचे अभ्रे, ते मी इथून सांगेन! एवढंसं अंतर हो. मासा असतो तर कॉफी थंड व्हायच्या आत पोचलो असतो. पण माणूस पडलो ना!

तर ही ऑन्दिना. दर रविवारी मी तिच्याकडे जेवायला, सकाळीच चालत निघायचो. दर रविवारी मनात ठरवून जायचं, आज विचारायचंच. आणि दर रविवारी तोंड उघडलं की तिने त्यात आणखी एक भरलेली अँकोव्ही मासोळी घालायची! तीन वर्षं नुसता जेवतोय. शेवटी तीच म्हणाली, म्हणजे कशी, कढईत डाव आपटत, 'हे बघ एव्हारिस्तो, मुलगी तुरिनला बोलावतेय. कायमची. येत्या रविवारी दुपारच्या गाडीने मी निघणार. जेवायला ये. आणि घशात जे अडकलंय ना तुझ्या, ते घेऊन ये. आणि उशीर केलास तर मी थांबणार नाही, चर्चची बाराची घंटा झाली की मी पाण्यात पास्ता टाकते!'

आता बाईमाणसाने याहून स्पष्ट काय बोलावं? मला तर घामच फुटला.

रविवार उजाडला. दाढी केली, स्वतःचे केस स्वतः कापले, लग्नातले काळे बूट घातले, मलईच्या पेस्ट्रीचं खोकं घेतलं. फीत बोटात अडकवून न्यायचं असतं ना, तसं. त्या बुटांत नेहमीसारखं चालत कसं जाणार? म्हणून थांब्यावर उभा. बस आली. मी हात केला, तोच हात, खोकं लटकलेला! मिंगो म्हणाला, 'अरे वा काकाऽऽ! पेस्ट्री! मजा आहे बुवा!' हॉर्न. गेला! अहो, त्याला वाटलं मी खोकं दाखवतोय!

रविवारची पुढची बस कधी, हे विचारू नका. मला तर वाटतं, तीही आमच्यासारखी जेवून, झोपून, चूळ भरून निघते.

म्हटलं ठीक आहे, आगगाडी. पायऱ्या उतरून स्टेशनवर. आता आमच्या वेळापत्रकात कामाच्या दिवशीच्या गाडीपुढे दोन हातोडे काढलेले असतात आणि सुट्टीच्या दिवशीच्या गाडीपुढे क्रूस. हातोडेवाली सान क्विरिनोला थांबते, क्रूसवाली थांबत नाही. एवढं सोपं! पण रविवारी क्रूसवालीच धावणार, हे माझ्या डोक्यात यायला नको? नाही आलं! डोक्यात ऑन्दिना होती, जागाच कुठे होती? आली ती गाडी पकडली, आणि दारातच उभा राहिलो, उतरायच्या तयारीत, टाय सारखा करत...

बोगदा. बोगदा संपला, सान क्विरिनो आलं. सान क्विरिनो दोन बोगद्यांच्या मध्ये एक शिंक येईपर्यंत दिसतं. आणि समोर गच्चीत ऑन्दिना! पेस्तोच्या चटणीसाठी कुंडीतली तुळशीची पानं खुडत होती. तिनं वर बघितलं. मला बघितलं, दारात उभा, नटलेला, हातात खोकं, आणि गाडी धाडधाड पुढे... मी काय करणार होतो? मी हात केला!

आणि तिने... तिने हात केला नाही, मंडळी. कमरेवर ठेवला. कळलं ना? आमच्या किनाऱ्यावर याचा अर्थ काय ते आता मी परत सांगत नाही, पोस्टमनचं सांगितलंय.

पुढचा बोगदा फार काळा होता हो.

उतरलो पुढच्या स्टेशनवर, पोर्तोस्कुरोला. फोन? फोन घरी चार्जिंगला होता, सुखात! परतीची गाडी? ती दुपारची, तीच तुरिनची, तीही सान क्विरिनोला न थांबणारी. मग उरले कोण? लग्नातले बूट. डोंगरावरून सान क्विरिनोला पायवाट आहे, पण वसंतात दरड कोसळली तेव्हापासून तिला दोरी बांधून पाटी लावलीय, 'वाट बंद.' मी विचार करत उभा, तर सगळं पोर्तोस्कुरो दोरीखालून वाकून चाललंय. आज्या चालल्यात, कुत्री चाललीत... ज्याने दोरी बांधली तो पोलीससुद्धा चाललाय, आईकडे जेवायला! मला म्हणतो, 'एव्हारिस्तो, डोकं सांभाळ, दोरी खाली आलीय जरा. किती वेळा सांगितलं, वर बांधा म्हणून!' कुणाला सांगितलं होतं त्याने? स्वतःला!

वाकलो. चढलो. द्राक्षांचे मळे, लिंबं, दगडी पायऱ्या, वर ऊन... पेस्ट्रीतली मलई बाहेर येऊन बाहीत शिरायला लागली. वाटेत एक परदेशी बाई भेटली. दोन हातांत दोन काठ्या, पाठीवर बिऱ्हाड, तोंड टोमॅटोसारखं. मला विचारते, 'फार लांब?' मी म्हटलं, 'छे हो, दहा मिनिटं!' ती म्हणाली, 'दोन तासांपूर्वी एका आजोबांनी पण हेच सांगितलं.' खरंच सांगितलं असणार. आम्ही सगळे हेच सांगतो. लांब आहे म्हटलं तर माणूस बसून राहतो ना!

आणि तेवढ्यात खाली चर्चची घंटा. बाराची. पास्ता पडला पाण्यात! तुम्हाला खरं सांगतो, मी तिथंच लिंबाच्या झाडाखाली बसलो आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हसू नका. त्या हिरव्या झडपा कायमच्या बंद दिसल्या मला. रोज सकाळी उठून त्या बंद झडपा बघायच्या... मला ते नको होतं. मी तिच्याशिवाय राहू शकत नव्हतो, एवढं साधं होतं, आणि तीन वर्षं मी अँकोव्ही खात होतो!

तर त्या बाईनेच मला काठी धरून उठवलं. वर पायवाट सडकेला मिळते, तिथं थांबा आहे. परतीची बस घुरघुरत येताना ऐकली. मिंगोच! म्हटलं, एव्हारिस्तो, आता डोकं चालव. डोक्याला रुमाल गुंडाळला, बाईची काठी घेतली, विजारीचे पाय दुमडले, आणि तोंड फिरवून, अगदी परक्यासारखा... हात केला.

कर्रकन! दार उघडलं. मिंगो वाकून, गोड आवाजात, जर्मनमध्ये, 'बिट्टे, बिट्टे, माइन हेर...' मी रुमाल काढला. 'अरे काका तुम्ही! आधी सांगायचं नाही का!' कसं सांगू? हात करून?

काठी बाईला दिली, पाय सरळ केले, बसलो. 'कुठं काका?' म्हणाला. आता याला सान क्विरिनो म्हणालो असतो तर दिवेलागणीपर्यंत सबंध किनाऱ्याने माझं अभिनंदन केलं असतं, किंवा सांत्वन! म्हणून म्हटलं, 'घरी.' मनात हिशेब असा, की थांबा जवळ आला की गुपचूप बटण दाबायचं आणि उतरायचं. वाटभर मिंगो सासूबद्दल बोलत होता आणि मी डोळे मिटून घोकत होतो, 'ऑन्दिना, माझं तुझ्याकडे एक मागणं आहे... ऑन्दिना, या वयात...' डोळे उघडले तर सान क्विरिनो! बटण! मी हात उचलला...

आणि समोर थांब्यावर ऑन्दिना. निळा झगा, शेजारी बॅग. हात वर!

रविवारी गाडी सान क्विरिनोला थांबत नाही ना! तुरिनला जायचं तर आधी बसने रोक्काल्ता गाठायला हवं. मला गाडीतून जाताना बघितलं, मी पळून गेलो असं समजली, बाराला पास्ता टाकला, एकटीने खाल्ला, आणि निघाली. तिने बस थांबवायला हात केला होता. आणि मी... बटण दाबायला उचललेला माझा हात... मी तिला केला! सवयीने! हसून! शेजारी मिंगोनेही केला! 'ऑन्दिनाबाईऽऽ! गावाला निघालात वाटतं? सुखरूप जा!' आणि हॉर्न देऊन बस तिच्या अंगावर धूळ उडवत पुढे!

'थांबव!' मी ओरडलो. 'वळण आहे काका, वळणावर थांबायला बंदी आहे!' 'मग पुढे!' 'पुढेही वळणच आहे!' आमच्या रस्त्याला वळणांशिवाय दुसरं आहे काय? कधीतरी थांबली. उतरलो, उलटा धावलो, म्हणजे धावलो कसला, बूट धावले आणि मी मागून गेलो. समोरून ती येतेय. एका हाताने बॅग ओढत, रागाने लाल! आणि लांबूनच, 'मी हात केला होता! मी हात केला होता आणि आपण... आपण हसून हात हलवलात!' ऐकलंत? 'आपण'! ही बाई मला अरेतुरे करते. 'आपण' म्हणाली की समजायचं, मेलात.

तेवढ्यात खाली बोगद्यात शिट्टी वाजली. तुरिनची गाडी गेली.

माझं घोकलेलं सगळं वाक्य त्या शिट्टीबरोबर गेलं. मी आपला हात पुढे केला. मलईने बरबटलेला.

ती त्या हाताकडे बघत राहिली. मग म्हणाली, 'काय करतोयस? हात करतोयस की हात मागतोयस? नीट सांग! नाहीतर मीही हलवीन आणि पुढे जाईन.'

'अरेतुरे'वर आली हो! मी म्हटलं, 'मागतोय.' एवढंच. तीन वर्षांत एक शब्द! तिने रुमाल काढला, आधी माझा हात पुसला, खसाखसा, मासा पुसतात तसा... आणि मग धरला. म्हणाली, 'पास्ता संपलाय. अँकोव्ही आहेत.'

झालं लग्न. मिंगो आला होता, केस कापून घेऊन, माझ्याचकडून, फुकट! मी त्याला बाजूला घेतलं, खांद्यावर हात ठेवला, म्हटलं, 'बाळा, तुझ्यामुळे तिची गाडी चुकली, तुझे उपकार आहेत. पण यापुढे आम्ही थांब्यावर दिसलो ना, की नुसता नमस्कार नको.' डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. म्हणाला, 'काका, समजलं. तुम्ही काळजीच करू नका.'

आता आम्ही दोघं थांब्यावर उभे राहतो. तीही हात करते, मीही हात करतो. आणि मिंगो दिलेला शब्द पाळतो हो, खोटं कशाला बोलू... आता तो दोनदा हॉर्न वाजवतो!

ऑन्दिना? येतेय ना, मागून. चालत. किती लांब आहे म्हणता? छे हो... दहा मिनिटं.