गब्दूल उभा असतो तेव्हा

आई: भिंतीवर डोकं आपटतोय बघ. मी काही केलं नाही हं.

लेक: कंट्रोलरवरची पुढची कळ दाबून धरलीयस, आई. अंगठा उचल.

आई: उचलला. हं, थांबला बिचारा. आवाज बंदच आहे ना गं?

लेक: बंद आहे. तू सांगितल्याशिवाय नाही सुरू करणार.

आई: मग ठीक. दिसायला मात्र छान केलाय हो ह्या खेळात गब्दूल. चाल अगदी तीच. ढुंगण आधी वळतं, तोंड मागून येतं.

लेक: हे चांगलं म्हणून सांगू खेळ बनवणाऱ्यांना?

आई: सांग की. आणि ठिगळं. कार्टूनमध्ये छत्रीवर नुसता चौकोन काढायचे, झालं ठिगळ. इथे टाका दिसतो. तोही आतून घातलेला. शिवणकाम येणारं कुणीतरी बसवलंय त्यांनी, मला विचार.

लेक: बरं. आणि वाईट?

आई: घाई. मेली नुसती घाई. छत्र्या दुरुस्त करणारा हा माणूस...

लेक: पाणघोडा.

आई: तेच ते. कार्टूनमध्ये कधी पळाला का तो? एका भागात एक छत्री. गिऱ्हाईक यायचं, बसायचं, आपलं दुःख सांगायचं, तोवर छत्री व्हायची. इथे वर घड्याळाचा काटा फिरतोय, आभाळातून छत्र्या पडतायत आणि हा त्यांच्यामागे उड्या मारतोय. गिऱ्हाईक कुठे गेलं?

लेक: गिऱ्हाईक नाहीच ह्यात. छत्री झेलली की गुण.

आई: मग पाणघोडा कशाला घेतला? माकड घ्यायचं.

लेक: सांगते त्यांना तसंच. पण त्यांनी विचारलंय ते वेगळंच आहे, आई. खेळ अजून बाजारात यायचाय. संध्याकाळी त्यांच्या कंपनीतल्या बाईंचा फोन येईल, तेव्हा एकच सांगायचंय. बाबांनी गब्दूलला दिलेला आवाज ठेवायचा, की नव्या मुलाकडून सगळी वाक्यं पुन्हा म्हणवून घ्यायची.

आई: तुझं ठरलेलं दिसतंय.

लेक: माझं मत नवा मुलगा.

आई: ऐकलंयस तू ह्यांचं?

लेक: एकदा. आणि ज्यांना आधी खेळून बघायला दिलाय, त्यांनी काय लिहिलंय तेही वाचलंय.

आई: काय लिहिलंय?

लेक: जाऊ दे ना.

आई: मी काय काचेची आहे?

लेक: ‘पाणघोड्याला दम लागलाय, कुणीतरी डॉक्टर बोलवा.’ आणि खाली हसरे चेहरे. ओळीनं.

आई: हं.

लेक: इतकी वर्षं बाबांनी त्या आवाजात एक शिंक जाऊ दिली नाही. सर्दी झाली की रेकॉर्डिंग पुढे ढकलायचे. आणि त्यांचं शेवटचं काम लोकांनी धाप म्हणून लक्षात ठेवायचं? मला नाही चालणार.

आई: दम लागत होताच की त्यांना.

लेक: ते आपल्याला माहीत. जगाला कशाला?

आई: बरं. लाव आवाज.

लेक: नको म्हणत होतीस ना? बाबा जाऊन चार महिने झाले, तू त्यांचा एक जुना भागसुद्धा लावू दिला नाहीस.

आई: न ऐकता निकाल देऊ? तुझ्या बाबांनी दारात उभं केलं नसतं मला. लाव. आणि तूच पळव, माझा पुन्हा भिंतीत जाईल.

पाणघोडा: आलो, आलो साहेब! ही धरली! ही पण... धरली!

लेक: पुरे?

आई: पळव अजून.

पाणघोडा: आलो... साहेब, आलो... हा... हुश्श...

आई: हे वाईट आहे.

लेक: म्हणूनच म्हणते मी...

आई: वाईटच आहे. खोटं कशाला बोलू? गाद्यांमध्ये बसून ‘आलो, आलो’ करायचे. मी बाहेरून म्हणायची, अहो, बसल्या जागी तरी धावू नका.

लेक: गाद्यांमध्ये?

आई: तुला कुठलं माहीत, तू इथे आलीस ती नंतर. स्टुडिओचा जिना चढवेना, तर त्यांनी रेकॉर्डिंगचं मशीन घरी पाठवलं. मग कपड्यांच्या खोलीत चहूबाजूंनी गाद्या उभ्या केल्या, वरून रजई. आत हे आणि तो माइक. मी दाराशी स्टुलावर. पंखा बंद, फ्रिज बंद, मीसुद्धा बंद.

लेक: तू कशी बंद?

आई: मला ताकीद होती, श्वास मोठ्यानं घेऊ नकोस, आत ऐकू येतो. स्वतःचा भाता चाललाय आणि मला सांगतायत.

लेक: असेच होते.

आई: हसतेस काय! ठेव ते यंत्र खाली, हात दुखतील. दोन मिनिटं शांत बसू दे त्यालाही.

(कंट्रोलर टेबलावर. पडद्यावर पाणघोडा छत्री टेकून उभा आहे. बराच वेळ कुणी कळ दाबत नाही.)

पाणघोडा: हं हंहं... हं हं...

आई: हे काय?

लेक: गुणगुणतोय. हे मी ऐकलंच नव्हतं.

आई: कसं ऐकशील? पळवतच असशील सारखी.

लेक: काही वेळ कळ दाबली नाही की असं काहीबाही टाकतात. पात्र नुसतं पुतळ्यासारखं उभं राहू नये म्हणून.

पाणघोडा: असू दे साहेब. सावकाश. मला तरी कुठे जायचंय?

आई: बघ. ह्यात आहे का धाप?

लेक: नाही.

आई: आहे. ‘सावकाश’च्या आधी थांबलेत ना, ते श्वासासाठी. पण ऐकणाऱ्याला वाटतं, विचार करतोय. ही त्यांची हुशारी. अडचण आली की तिलाच कामाला लावायचे.

पाणघोडा: जरा पाणी देतेस का गं?

लेक: आई?

आई: हं.

लेक: हे गब्दूलचं वाक्य नाही.

आई: नाही.

लेक: तो कुणाला ‘गं’ म्हणत नाही. सगळ्यांना साहेब म्हणतो, मांजरीलासुद्धा.

आई: मला म्हणाले ते. रजई वर करून. मशीन बंद करायचं राहिलं असणार. मी म्हटलं, ‘आणते’. माझं ‘आणते’ कापलं बघ त्यांनी.

लेक: त्यांना वाटलं असेल, पाणघोडाच तो, पाणी मागणारच. बाबांनी उत्स्फूर्तपणे टाकलं म्हणून ठेवून दिलं. थांब, इथे एकानं लिहिलंयही. ‘पाणी मागतो तेव्हा मी छत्र्या सोडून देतो आणि त्याच्याकडे बघत बसतो.’

आई: कोण हा?

लेक: नाव नाही. टोपीचं चित्र आहे नुसतं.

आई: भला दिसतोय.

लेक: पण हे काढायला लावते मी. हे त्यांना दिलेलंच नव्हतं, आई. हे तुझं आहे.

आई: मी पाणी दिलं त्यांना. अर्धा पेला प्यायले, पेला माइकजवळ ठेवला, आणि पुन्हा ‘आलो साहेब’ सुरू. माझं जे होतं ते मला तेव्हाच मिळालं.

लेक: म्हणून परक्या पोरांनी ऐकायचं?

आई: तुला त्यांची धाप लपवायचीय ना? लपव. पळायचं काम त्या नव्या मुलाला दे, तरणा आहे, त्याच्या छातीला झेपेल. उभं राहायचं ह्यांच्याकडे राहू दे.

लेक: एका पाणघोड्याला दोन आवाज? लोक पहिलं बोट तिथेच ठेवतील.

आई: ठेवू देत. पळणारा माणूस आणि उभा माणूस एका आवाजात बोलतो का? जिना चढून आलीस की फोनवर कशी बोलतेस, ते ऐक एकदा.

लेक: मला वाटत होतं, हे सगळं पुसलं की जुना आवाज तरी शाबूत राहील. कार्टूनमधला. ठणठणीत.

आई: तो आहेच की. तो कोण नेतंय? पण त्या ठणठणीत आवाजाला मी कधी पाणी नेऊन दिलं नाही गं.

लेक: बरं.

आई: बरं म्हणजे?

लेक: म्हणजे ठेवू या. उभ्याचं ठेवू या.

पाणघोडा: जरा पाणी देतेस का गं?

आई: पुन्हा मागतोय.

लेक: दोन-तीन वाक्यंच आहेत, तीच फिरून येतात.

आई: मग द्यायचं कसं? कुठली कळ?

लेक: कळ नाही.

आई: नाही म्हणजे? एवढा पाऊस पाडलाय, मागे नळ दिसतोय...

लेक: नळ नुसता चित्रातला. जवळ नेलं तरी काही होत नाही.

आई: अगं, मग हा सगळ्यात मोठा दोष झाला! ती घाई परवडली. कुणी पाणी मागतं आणि घरात सोय नाही? घे लिहून. पळण्याचा आवाज बदला. उभ्याचा ठेवा. आणि त्यानं मागितलं की देता आलं पाहिजे.

लेक: लिहिते. पण त्या बाई विचारतील, आई. ह्यांच्या खेळात काही केलं की काहीतरी मिळावं लागतं. गुण, नवी छत्री, काहीतरी. पाणी दिल्यावर खेळणाऱ्याला काय मिळणार?

आई: काय मिळायचंय? तो पाणी पिईल.