वळणाचा ठिपका

पाकीट हरवल्याची तक्रार द्यायला आलेला शिंपी रांगेत दुसरा होता. पुढे एक आजी होती, खिडकीत हवालदार.

"साहेब, शाळेच्या वळणावर एक पोलीस द्या. दोन महिन्यांत तिघांना गाड्यांनी उडवलं. तिसरी माझी नात. सोमवारी तिचं प्लास्टर निघतंय, मग परत तोच रस्ता."

"आजी, आता संगणक सांगेल तिथंच पोलीस उभा राहतो. हा नकाशा बघा. वळणावर अपघाताचा लाल ठिपका आहे का एक तरी?"

"मग तिघं गेले कुठं?"

"इथं, चौकीच्या दारात. तीन ठिपके. म्हणून तर दारात दोघं दिलेत."

"ते सावलीला उभे आहेत ते?"

"जखमीला लोक इथं उचलून आणतात. नोंद इथं होते, म्हणून पत्ताही इथलाच पडतो."

"नात वळणावर पडली, बाबा. मीच उचलली."

"तिथंच घोळ झाला. उचलायच्या आधी आम्हाला बोलवायचं."

"म्हणजे पुढच्या खेपेला तुमचा ठिपका उमटेपर्यंत तिला तशीच पडू देऊ?"

हवालदाराने मान वाकडी करून आजीच्या मागे पाहिलं.

"पुढचा कोण आहे?"

शिंपी जागचा हलला नाही.