साळवे सरांचे कान

मंडळी, सावकाश बसा. आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. खोटं बोललं की पाप लागतं, हे तुम्हाला पाळण्यापासून ठाऊक. पण गप्प बसलं तर? तोंडातून अक्षर काढलं नाही, तरी पाप लागतं का? पुढच्या रांगेतल्या काकांनी मान हलवली. होय म्हणून हलवली की नाही म्हणून, ते शेवटी विचारतो!

तर ऐका. नगरात एक साळवे सर होते. शमुवेल साळवे. रविवारी त्यांच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, गिटार वाजवायचे, बाकीचे दिवस पोरांना शिकवायचे. कान असा, की शेजारणीच्या हातून ताट पडलं तर सर इथून सूर सांगणार! पोटी लेकरू नव्हतं. तुषार वाकचौरे हा शिष्य, तोच मुलगा.

सर त्याला स्वीप शिकवत होते. स्वीप म्हणजे काय? झाडू! उजव्या हातातली नखी सगळ्या तारांवरून एका दमात खाली, एका दमात वर — अंगण झाडल्यासारखी. सोपं वाटलं? खरी कसरत डाव्या हाताची. तार वाजली की तिच्यावरचं बोट उचलायचं, तेव्हाच पुढचं टेकायचं. नाही उचललं, तर सूर एकमेकांत सांडतात. पेटीवाले, अख्खा पंजा ठेवा बरं पट्ट्यांवर... हं! झाली खिचडी. आता एकेक बोट... बघा, कसे सुटे मोती!

सर म्हणायचे, हळू वाजव, कंटाळा येईल इतकं हळू. पण तुषारला कुठला धीर? त्याला ऑर्केस्ट्रात नाव काढायचं होतं. त्यानं पायाखाली एक डबी आणली. ती दाबली की गिटारचा आवाज असा फाटतो, असा गुरगुरतो, की सगळे दोष त्यात बुडून जातात. भाजी बिघडली की आचारी वरून तर्री ओततो ना, तसंच! टाळ्या पडू लागल्या. सरांकडे जाणं कमी झालं, मग सुटलंच.

आणि सर आजारी पडले. फुप्फुसाचं दुखणं. डॉक्टर म्हणाले, घरी न्या. मंडळी, 'घरी न्या' म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको.

तुषार भेटायला गेला. गिटार, डबी, स्पीकर — सगळं लटांबर घेऊन! सरांना आपली तयारी दाखवायची होती. खाटेशेजारी मांडामांड झाली आणि कळलं, वीज नाही. रूथबाई, सरांच्या पत्नी, म्हणाल्या, राहू दे मग. पण सरांनी भिंतीवरच्या आपल्या जुन्या लाकडी गिटारकडे बोट केलं. तिला वीज लागत नाही आणि डबीही लागत नाही. तिच्यावर लपायला जागाच नाही!

तुषारचा हात सवयीनं धावला. आणि निघालं काय? नुसती खरडखरड. त्याचं त्यालाच पहिल्यांदा नीट ऐकू आलं. सर डोळे मिटून ऐकत होते. म्हणाले, "परत वाजव." परत तेच. त्यांनी पुन्हा खूण केली. पुन्हा तेच.

सरांनी डोळे उघडले. मग बाईंना म्हणाले, "माझे कान गेले गं. पोरगं सगळं वाजवतंय. मलाच सुटे सूर ऐकू येत नाहीत."

आपला शिष्य कच्चा असेल, हे त्या जिवाच्या मनातसुद्धा आलं नाही! दोष स्वतःवर घेतला. आणि तुषारनं काय म्हणायचं होतं? 'सर, कान शाबूत आहेत. मला येत नाही.' एवढंच. सरांनी शिव्या घातल्या असत्या, हळू वाजव म्हणाले असते, आणि त्या घरात आनंद झाला असता.

तो गप्प राहिला. गिटार भिंतीला टांगली, पाया पडला आणि निघाला. मनात म्हणाला, आधी नीट बसवतो, मग येऊन वाजवतो, म्हणजे सरांना आपोआप कळेल. घरी आल्यावर डबी माळ्यावर टाकली. पहिल्यापासून सुरुवात केली, हळू, अगदी हळू. पण मंडळी, मुहूर्त आपण काढतो, मरण काढत नाही. सर गेले.

मातीहून परतल्यावर रूथबाईंनी त्याला जवळ बसवलं. म्हणाल्या, त्या दिवसानंतर सरांनी रेडिओ लावू दिला नाही. देवळातली पोरं खिडकीखाली गाणी म्हणायला आली, तर त्यांना परत पाठवलं. अर्धं ऐकण्यापेक्षा नकोच म्हणाले. "तुझं मात्र कौतुक होतं हो. म्हणायचे, पोरगं माझ्या कानांच्या पुढं गेलं."

आता बोला. काय उरलं त्या पोराजवळ? आज त्याच्या बोटांतून एकेक सूर सुटा निघतो. लोक वाहवा करतात. ज्या एका माणसाला तो ऐकवायचा होता, तो शेवटचे दिवस स्वतःला बहिरा समजून जगला — कान चांगले असताना!

काका, मान कशी हलवली होती? राहू द्या, सांगू नका. आपल्याच घरात बघा. पुटपुटतो आपण आणि आईला म्हणतो, तुला ऐकू येत नाही. वस्तू हरवतो आपण आणि म्हणतो, तूच विसरलीस. ती बिचारी खरं मानते! माणूस जिवंत असतो, आणि त्याचे कान, त्याची आठवण आपण आधीच पुरून येतो. आज घरी जाल तेव्हा दिवा मालवण्याआधी तिला एवढं सांगा, की तुझं काही चुकलं नव्हतं, चूक माझी होती.

आता नाम घेऊ. मृदंगवाले, आज घाई नको. एकेक अक्षर सुटं येऊ द्या. मागच्या खांबाशी आजी बसल्यात, त्यांना पोचलं पाहिजे. विठ्ठल... विठ्ठल...