अर्धी धून

“ताई, या पेटीत अस्थी आहेत का?”

मैत्रिणींनी ‘पूछ के दिखा’ म्हणून डिवचलं होतं, म्हणून बकुळनं नावेत काळी पेटी उराशी धरून बसलेल्या मराठी बाईंना बेधडक विचारलं.

“तसंच समज. व्हायोलिन आहे. कालच आयर्लंडहून आले.”

“एकट्याच? फिरायला?”

“तिथलं जुनं संगीत शिकायला. एका खेड्यातले आजोबा त्यांच्या आईची धून वाजवायचे. अर्धी शिकवली आणि म्हणाले, ‘पूर्ण वाजवतो, मोबाइलवर घे.’”

“ऐकवा ना!”

“घेतलीच नाही गं. बनारसची ना मी! गुरूसमोर रेकॉर्डिंग? कान पकडले. म्हटलं, उरलेली उद्या समोर बसून शिकेन.”

“मग?”

“सकाळी ते उठलेच नाहीत.”

“दुसऱ्या कुणाला येत असेल की!”

“घरोघर विचारलं. कुणालाच नाही. आता पेटी उघडवत नाही.”

“मला अर्धी शिकवाल?”

“अर्धं कुणाला देऊ नये, बाळ. संकठा घाट आला, उतरते.”

बकुळ घरी पोचली, ती चपलांसकट आत.

“आई, बाबा, मी उद्यापासून संकठा घाटावरच्या एका ताईंकडे व्हायोलिन शिकणार. त्या नाही म्हणाल्यात, तरी जाणार. आणि बाबा, तुमचा मोबाइल लागेल.”